सुटकेनंतरचा हिशेब

कासवं सोडण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात, फोटो निघतात आणि अहवालात एक आकडा चढतो. त्या आकड्याचं पुढे काय झालं, हा रकाना मात्र अनेक अहवालांत नसतोच.

मेक्सिकोतल्या रांचो न्यूव्होची केम्प्स रिडली या समुद्री कासवाची अंडी १९७८पासून टेक्सासला नेली गेली. तिथल्या पाद्रे बेटाच्या वाळूत पिल्लं बाहेर आली की त्यांना पाण्यापर्यंत चालू द्यायचं, लाटेत शिरली की जाळीने पुन्हा उचलायचं. किनाऱ्याची ओळख पटावी म्हणून हा खटाटोप. मग गॅल्व्हस्टनच्या प्रयोगशाळेत जवळपास वर्षभर पोसून मेक्सिकोच्या आखातात सुटका. वीस हजारांवर कासवं अशी सोडली गेली. त्यांतल्या माद्या पाद्रे बेटावर अंडी घालताना दिसायला १९९६ उजाडलं आणि तोवर प्रयोग गुंडाळलेला होता. संशोधक सेलिना हेपेल आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी गणिताने दाखवलं, की मोठी कासवं मरतच राहिली तर पिल्लं पोसून ती तूट भरून निघत नाही.

म्हणजे पोसलेलं पिल्लू रानात टिकत नाही असं नव्हे. कासवाला आईबाप शिकवत नाहीत. अन्न शोधणं, बुडी मारणं त्याच्या अंगातच असतं. गॅलापागोसच्या पिन्झोन बेटावर काळे उंदीर भूकासवांची पिल्लं फस्त करत. १९६५पासून अंडी उचलून सांताक्रूझ बेटावर पिल्लं वाढवली, उंदरांना दाद न देण्याइतकी मोठी झाल्यावर परत नेली. ती जगली, वयात आली, त्यांनी अंडीही घातली. तरी पुढची पिढी उंदरांच्याच पोटात जात राहिली. २०१२मध्ये उंदरांचा नायनाट झाला, तेव्हा कुठे बेटावर जन्मलेली पिल्लं पुन्हा दिसू लागली.

आपल्याकडचं उदाहरण सुंदरबनचं. सजनेखालीच्या तळ्यात २००८मध्ये हाती लागलेल्या मोजक्या बाटागुर बास्का या नदीकासवांपासून पैदास सुरू झाली. जानेवारी २०२२मध्ये सात माद्या आणि तीन नर पाठीवर ट्रान्समीटर चिकटवून खाडीत सोडले. संथ तळ्यात वाढलेले हे जीव भरती-ओहोटीच्या ओढीत पडले आणि त्यांतले काही थेट बांगलादेशात पोचले. एक तिकडच्या कोळ्यांच्या जाळ्यात सापडलं. भटकंतीला लगेच अपयश म्हणण्याची घाई नको. एवढं अंतर कापणारं कासव धडधाकटच असणार. पण जाळं चुकवायला कुठलं तळं शिकवणार?

कोकणातल्या हॅचऱ्यांत पिल्लं पोसत नाहीत, हे बरंच आहे. ऑलिव्ह रिडलीचं पिल्लू बाहेर येतं ते उरलेल्या बलकाच्या शिदोरीवर आणि पहिल्या दिवसाच्या पोहण्याच्या झपाट्यावर. पाहुण्यांच्या वेळेसाठी ते टोपलीत ताटकळलं, तर तो जोर तिथेच हातपाय मारण्यात संपतो.

कासवं पोसून सोडण्याचा नवा प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी म्हणून टाक्यांच्या खर्चाखाली आणखी दोन ओळी घालाव्यात: सुटकेनंतर किमान काही वर्षांचा माग, आणि त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांशी आधी झालेली बोलणी. ट्रॉलरच्या जाळ्याला टेड, म्हणजे अडकलेल्या कासवाला बाहेर पडू देणारं साधन, बसवण्याचा विषय मत्स्य विभागाचा म्हणून वगळण्याची पद्धत आहे. निधी देणाऱ्यांनी तो विषय वगळलेला प्रस्ताव परत पाठवायला हरकत नसावी.