चाकांवरचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. अमेरिकेत मात्र निवृत्तीनंतर घर विकून 'आर. व्ही.'त, म्हणजे चूल, बिछाना, न्हाणीघर सगळं असलेल्या मोठ्या गाडीत, कायमच्या राहणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. थंडी पडली की त्यांतल्या कितीतरी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्टझसाइटला येतात. तिथल्या सरकारी माळावर १९८३ सालापासून हिवाळाभर मुक्कामाची सोय आहे.

दारात नळ नाही, पाणी टाकीत भरून आणायचं. म्हणून ताटं आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरायचं. संध्याकाळी शेकोटीभोवती खुर्च्या मांडायच्या, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. कालची अनोळखी बाई आज 'अगं' होते!

पण आजारपण आलं तर? गाडी चालवणारे हातच थकले तर? ही धास्ती तिथेही आहेच. त्यावर या मंडळींनीच तोड काढली. जो आणि के पीटरसन या जोडप्यानं १९७८ साली 'एस्केपीज' क्लब सुरू केला. पुढे टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टनला सभासदांसाठी 'केअर' केंद्र उभं राहिलं. आपल्याच गाडीत राहायचं. जेवणाची आणि मदतीची सोय केंद्राची.

आपलं घर तर जागचं हलत नाही. तरी शेजारणीकडे आपली एक किल्ली आणि मुलांचे फोन नंबर आहेत का? नसतील, तर आज संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन जाच!