शेजारी हाच पहिला डॉक्टर

मागच्या आषाढीची गोष्ट. एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारात नऊ वाजले तरी सडा पडला नाही. मुलगा पुण्याला. शेजारीणबाई परसदारातून आत गेल्या, तर आजी घामाने डबडबलेल्या आणि असंबद्ध बोलत असलेल्या. इन्सुलिन घेतले होते आणि एकादशीचा उपवासही धरला होता! बाईंनी साखरपाणी पाजले आणि मग मला बोलावले. खरा उपचार त्यांनीच केला होता.

त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या गल्लीतल्या एका गृहस्थांचे दार दुसऱ्या दिवशी उघडले गेले. मी पोहोचलो तेव्हा तपासण्यासारखे काही उरले नव्हते. फरक औषधाचा नव्हता, शेजाराचा होता.

आपल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपलेले असताना, सास्तूर-किल्लारी परिसर कोसळला. लष्कर पोहोचण्याआधी दगडमातीखालून माणसे काढली ती वाचलेल्या गावकऱ्यांनीच. पुढे पुनर्बांधणीत महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या, आणि २००१ च्या भूकंपानंतर इथल्या बायका कच्छलाही मदतीला गेल्या. पण बावन्न गावे नव्या जागी वसली, रस्ते रुंद झाले, आणि जुने शेजार मात्र विखुरले. आज शहरातल्या नव्या वसाहतींतही तेच दिसते. बंगला शेजारी, माणूस परका.

वाचकहो, यासाठी समिती, वर्गणी काही लागत नाही. आपल्या आळीत एकटे कोण राहते, मधुमेह, दमा, हृदयविकार कोणाला आहे, त्यांच्या मुलांचा फोन नंबर काय, एवढे दोन घरांनी तरी जाणून ठेवावे. एक किल्ली शेजारी असावी. आपल्या भागातील आशाताईंचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. साखर उतरलेला रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे; बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

‘लोकांच्या घरात कशाला डोकवायचे?’ असे काहीजण म्हणतील. डोकावणे वेगळे आणि दखल घेणे वेगळे. उद्या सकाळी शेजारच्या दारात सडा पडला नाही, तर कडी वाजवून पाहा. फार तर आजी रागावतील. रागावू द्या.