बदनामीचा दावा आणि वर्षभराची मुदत

रुग्ण दगावला की खरेखोटे ठरण्याआधीच डॉक्टरला ‘खुनी’ म्हणणारी चित्रफीत गावभर फिरते. वर्षानुवर्षांची प्रॅक्टिस आठवड्यात कोसळते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यातच म्हटले आहे. पण आरोपीला शिक्षा झाल्याने गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. भरपाई आणि मनाई हुकूम यांसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि भरपाईचा दावा तर वर्षभरातच. हे वर्ष नोटिसा आणि मध्यस्थीतच सरते. ही मुदत अपुरी आहे. संसदेने ती वाढवावी.

मनाईबाबत मात्र सावधगिरी हवीच. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचा झी या माध्यम कंपनीविषयीचा लेख हटवण्याचा एकतर्फी आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तो योग्यच होता. खटल्याआधीच मजकूर रोखला, तर खरी तक्रार मांडणारा ग्राहक आणि पत्रकारही गप्प होतो. म्हणून अशा दाव्यांत दोन्ही बाजू ऐकून, लेखी कारणांसह आणि लवकर निकाल लागला पाहिजे.