नांदायची नोटीस आणि डॉ. रखमाबाई



पहिली मराठी डॉक्टर बाई कोण, असं शिबिरात विचारलं की आनंदीबाई जोशींचं नाव लगेच येतं. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरकी केली ती रखमाबाईंनी. त्यांचं नाव मात्र मुद्दाम सांगावं लागतं. मला कारण उघड दिसतं. आनंदीबाईंना नवऱ्याने शिकवलं, रखमाबाई नवऱ्याला नकार देऊन शिकल्या.

१८६४ मध्ये मुंबईत, सुतार समाजात त्यांचा जन्म. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवलं. १९५५ मध्ये त्या वारल्या.

ही जुनी गोष्ट नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आजही आहे. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, पण सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये वैध ठरवलं. आता तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती मात्र येऊ शकते. आमच्या वाशिम जिल्ह्यात, रिसोड-मानोऱ्याकडच्या बाया खावटीचा अर्ज करतात, आणि मागोमाग नांदायची नोटीस येते. 'मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही,' एवढंच दाखवायचं असतं. मारहाणीचं कोणी विचारत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. नोटीस आली की ती घेऊ द्या, घाबरून परत पाठवू देऊ नका. तारखेला हजर राहायला लावा, नाहीतर एकतर्फी हुकूम होतो. न जाण्याची कारणं लेखी मांडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की नांदण्याचा हुकूम झाला तरी, न जाण्याला सबळ कारण असेल तर खावटी बुडत नाही. हा निकाल वकिलांना दाखवा.

एका बाईचा नकार टिकला म्हणून हजारो बायांना डॉक्टर मिळाली. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा नकार टिकला तर ती काय होईल, हे आज कोण सांगणार? तो टिकवायला तिच्या पाठीशी उभं राहणं, एवढं तर आपल्या हातात आहे.