गंभीर मुद्रेचा विनोद

हसविणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले, गोष्ट सांगण्यापूर्वी स्वतःच पोट धरून हसणारे. आणि दुसरे, मुद्रा यत्किंचितही न बदलता अशी काही हकीकत सांगणारे की, ऐकणारास ती प्रथम खरी वाटावी व घरी पोहोचल्यावर हसू फुटावे. पेणमध्ये काय किंवा रोह्यात काय, लग्नाच्या पंगतीत या दुसऱ्या प्रकारचे एखादे काका असावयाचेच. रॉब राइनर यांनी १९८४ साली काढलेला ‘धिस इज स्पाइनल टॅप’ हा अमेरिकन चित्रपट याच काकांच्या जातीचा आहे. अशा विनोदाचा आस्वाद घेण्यास आमच्या विद्यार्थ्यांनी शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या चित्रपटाचे सोंग अनुबोधपटाचे आहे. विजेच्या गिटारी व ढोल यांच्या कडकडाटात गाणारे ‘स्पाइनल टॅप’ नावाचे एक इंग्रज रॉक-पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आहे, आणि एक दिग्दर्शक त्याच्या मागोमाग कॅमेरा घेऊन हिंडत आहे, अशी कल्पना. वस्तुतः असे पथक नव्हतेच. ख्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मॅकीन व हॅरी शिअरर हे नट त्यात वादक झाले असून, दिग्दर्शकाचे काम खुद्द राइनर यांनी केले आहे. बहुतेक संभाषणे आयत्या वेळी सुचलेली. गाणी मात्र या मंडळींनी स्वतः रचली, गायिली व वाजविली. हे सर्व इतक्या गांभीर्याने चालते की, आरंभीच्या काही प्रेक्षकांस पथक खरेच वाटले. असल्या अप्रसिद्ध लोकांवर चित्रपट का काढला, असे त्यांनी विचारल्याचे राइनर यांनी सांगितले आहे. पुढे २००२ साली हाच चित्रपट जतन करण्यायोग्य म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत दाखल झाला.

त्यातील एक प्रसंग पेणकरांस विशेष रुचेल. इंग्लंडातील स्टोनहेंज या प्राचीन व प्रचंड शिलावर्तुळाची प्रतिकृती रंगमंचावर उतरवावयाचे ठरते. गिटारवादक कागदाच्या रुमालावर आकृती काढून देतो. परंतु अठरा फुटांच्या खुणेऐवजी अठरा इंचांची खूण करतो. कारागीर बिचारी लिहिल्याप्रमाणे करते, आणि ऐन प्रयोगात वरून अवतरते ती जेमतेम हातभर उंचीची शिला! आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडू मळणारे पोरही असा घोटाळा होऊ देणार नाही. परंतु गंमत त्या चुकीत नाही. शिला गुडघ्याएवढी असूनही गाणारे त्याच भव्य आवेशाने गात राहतात, यात ती आहे.

यावर काही पालक म्हणतील की, कलावंतांची अशी थट्टा मुलांस उद्धटपणा शिकवील. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. थट्टा कोणत्या गोष्टीची आहे, हे मात्र पाहिले पाहिजे. आपल्याकडे वरातीपुढे खालू बाजा वाजविणाऱ्याच्या फाटक्या अंगरख्यास जो हसतो, तो विनोद करीत नाही, निर्दयपणा करतो. स्पाइनल टॅपच्या वादकांचे दारिद्र्य किंवा त्यांचे श्रम यांची टवाळी चित्रपटात नाही. हसू येते ते त्यांच्या बडेजावाचे. भांडून दूर झालेले दोघे बालमित्र शेवटी पुन्हा एका रंगमंचावर येतात, तेव्हा तर प्रेक्षकास आनंदच होतो. शिवाय, स्वतः वाद्य शिकल्यावाचून वादकांची इतकी बारीक नक्कल साधत नाही. ज्या गोष्टीवर आपले प्रेम आहे, तिचीच उत्तम थट्टा आपणांस करता येते.

ही रीत मराठीस परकी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ याच मसाल्याचे आहेत, आणि पेण-रोह्याच्या वाचकांस पोह्यांची पारख निराळी शिकवावयास नको! राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ होऊन असेच लेखन केले. पु. ल. देशपांडे यांनी तर मराठी वाङ्मयाचा ‘गाळीव’ इतिहास लिहून पंडिती ग्रंथांचा सारा थाट जसाच्या तसा उचलला.

आता मुख्य मुद्दा. आज मोबाइलच्या पडद्यावर बनावट चेहरे व बनावट आवाज खऱ्याच्या थाटात बोलू लागले आहेत. लबाड मनुष्य आणि गंभीर विनोदकार यांची साधने एकच: शांत स्वर, आकडे, मुलाखती व जुनी छायाचित्रे. भेद हेतूचा आहे. लबाडास आपण पकडले जाऊ नये असे वाटते. विनोदकारास पकडले जावे असे वाटते, म्हणून तो खुणा ठेवून जातो. चित्रपटातील गिटारवादक मोठ्या अभिमानाने दाखवितो की, इतरांच्या ध्वनिवर्धकावर आकडे दहापर्यंत असतात, आपल्याकडे अकरापर्यंत आहेत. मुलाखतकार शांतपणे विचारतो की, दहाचाच आवाज अधिक मोठा का केला नाही? वादक क्षणभर गप्प राहतो आणि पुन्हा अकराच्याच गोष्टीवर येतो. असा एक साधा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, त्यास थाटामाटाने फसविणे कठीण.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. चित्रपटातील काही भाषा व प्रसंग लहान मुलांस योग्य नाहीत. यास्तव पालकांनी तो आधी स्वतः पाहावा व मग वरच्या वर्गांतील मुलांबरोबर बसून पाहावा. पाहताना विनोद समजावून सांगू नये. मुलास उशिरा हसू आले तरी ते त्याचे स्वतःचे असते.

आणि सरावास दूर जावयास नको. शालेय वार्षिकांतील वृत्तांत उघडावेत. त्यांत प्रत्येक स्नेहसंमेलन ‘अभूतपूर्व’ असते, प्रत्येक पाहुण्यांचे भाषण ‘उद्बोधक’ असते, आणि पराभूत संघ दरवर्षी ‘थोडक्यात’ हरतो. दरवर्षी अभूतपूर्व कसे, असा प्रश्न ज्या विद्यार्थ्यास पडेल, त्याने तो आम्हांस खुशाल विचारावा. आम्ही अत्यंत गंभीर मुद्रेने उत्तर देऊ.