स्काऊटचा तास मुलांना परत द्या

शाळेच्या वेळापत्रकात स्काऊट-गाईडचा तास अजूनही दिसतो. त्या तासाला आज काय केलंस, हे घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला एकदा विचारून पाहा. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘गणिताच्या सरांनी घेतला.’ कधी राहिलेला धडा संपवलेला असतो, कधी पाहुणे येणार म्हणून नुसती संचलनाची तालीम झालेली असते. गणवेश आहे, स्कार्फ आहे, नोंदणीची फी भरली आहे, पथक कागदावर चालू आहे. स्काऊटिंग मात्र हरवत चाललं आहे. ते वाचवणं अजून आपल्या हातात आहे आणि त्याला मोठा पैसा लागत नाही, म्हणून ही कळकळ.

काय वाचवायचं, हे कळायला चळवळीच्या मुळाशी जावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाला बोअर सैन्याचा वेढा पडला होता. १८९९ ते १९०० असे २१७ दिवस तो चालला. गावाच्या रक्षणाचा भार रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्यावर होता. माणसं अपुरी पडू लागली तेव्हा गावातल्या पोरांना निरोप पोचवायचं काम दिलं गेलं. गोळीबार चालू असताना ती सायकलवरून निरोप नेत. मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पेलतो, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. काही बड्या घरची, नामांकित शाळांतली, काही कष्टकऱ्यांची. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुलं एका तंबूत झोपणं सोपं नव्हतं. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच नेमला.

माझ्या मते सगळं स्काऊटिंग या एका गोष्टीत आहे. पुढच्या वर्षी बेडन-पॉवेल यांचं पुस्तक आलं आणि मुलांनी मोठ्यांची वाट न पाहता आपापले संघ काढले. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुलीही येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आम्हालाही यात घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे ही चळवळ साम्राज्याच्या अंगणातूनच आली. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण दार उघडं होतं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच. ते दार आपल्या माणसांनी उघडायला लावलं. १९१३ पासून मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं. नागपूर ही तेव्हा त्या प्रांताची राजधानी. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना बांधल्या. कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे, पुढे त्याचे अध्यक्ष झालेले. वेगवेगळ्या वाटांनी चाललेले हे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’मध्ये एकत्र आले. पुढच्या वर्षी गाईडही त्यात सामील झाल्या. १९६६ साली पुण्यात ‘संगम’ हे गाईडचं जागतिक केंद्र उघडलं, ते लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते. देशोदेशीच्या मुली आजही पुण्यात येऊन राहतात, शिकतात. जे मिळवायला इतकी थोर माणसं झटली, ते आपण नुसत्या दुर्लक्षाने घालवायचं, हे मला सहन होत नाही.

तंबूत मुक्काम केलेल्या माणसाला बिनभांड्याचा स्वयंपाक आठवल्याशिवाय राहत नाही. निखाऱ्यात पुरलेले बटाटे, काठीला गुंडाळून भाजलेली कणकेची वळी, पानात बांधून शिजवलेली भाजी. अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं, पण संघाने मिळून केलेलं आणि संघाने मिळून खाल्लेलं. लाकूड कोणी आणायचं, चूल कुठे लावायची, वारा कुठून येतो, कोणाला पहिल्यांदा वाढायचं, हे सगळं सहा-आठ पोरं आपसांत ठरवतात. तिथे वर्गातला पहिला नंबर कामाचा नसतो. ज्याला चूल पेटवता येते त्याचं सगळे ऐकतात, आणि अशा मुलाला शाळेत पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असतं. रीफ नॉट किंवा क्लोव्ह हिच ही गाठ नीट जमली नाही तर रात्री तंबू अंगावर येतो. चूक कळायला लाल शाई लागत नाही. मागोव्याच्या खुणा वाचत रान ओलांडायचं, संध्याकाळी शेकोटीभोवती बसून आपणच बसवलेलं नाटुकलं करायचं, भेटताना हृदयाच्या बाजूचा डावा हात पुढे करायचा, रोज कोणाच्या तरी उपयोगी पडायचं आणि ते सांगत फिरायचं नाही. धर्म, जात, बोली कुठलीही असो, समोरचा स्काऊट भाऊ आणि गाईड बहीण, हा तर नियमच.

हे सगळं कसं हरवतं, ते कळायला ‘खरी कमाई’ या उपक्रमाचंच पाहा. मुलाने स्वतः श्रम करून चार पैसे मिळवावेत आणि श्रमाची लाज जावी, हा तिचा हेतू. आता बहुतेक ठिकाणी आई पहाटे उठून भेळीची तयारी करते, बाबा टेबल लावतात आणि मूल गल्ल्यावर बसतं. घरच्यांचं प्रेम मला समजतं, पण कमाई मुलाची राहत नाही. सोपानांचंही, म्हणजे स्काऊटने चढत जायच्या पायऱ्यांचंही, असंच. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, ही चढण पायांनी चढायची असते. केवळ प्रमाणपत्रासाठी आठवडाभरात वह्या उतरवून काढल्या, तर छातीवर बिल्ला लागेल, पण अपघात झाला तर त्या मुलाला बँडेज बांधता येणार नाही.

मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. तो एक तास कोणालाही देऊ नका. पथक चालवणारे शिक्षक निवृत्त होणार असतील तर ते जाण्याआधीच एखाद्या तरुण शिक्षकाला किंवा शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवा, आणि परत आल्यावर त्यांच्यावरची दुसरी कामं कमी करा. शिक्षण खात्यानेही पथकांची मोजणी नोंदणीच्या आकड्यावर थांबवू नये. वर्षात किती संघ रात्रीच्या मुक्कामाला गेले, हेही विचारावं.

पालकहो, तुमची काळजी खरी आहे. शिबिराची जागा आधी पाहून या, मुलींच्या पथकासोबत गाईड कॅप्टन आहेत ना, प्रथमोपचाराची सोय काय, हे सगळं खुशाल विचारा. खात्री पटली की मात्र मुलांना जाऊ द्या. त्या दोन रात्रींसाठी शिकवणी बुडाली तरी चालेल. त्यांचं दप्तर, त्यांची वळकटी त्यांनाच भरू द्या.

आणि ज्यांनी कधीकाळी हा स्कार्फ गळ्यात घातला होता, त्यांच्यावर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे. तुम्हाला गाठी येतात, चूल मांडता येते, शेकोटीची गाणी पाठ आहेत. या आठवड्यात आपल्या जुन्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि महिन्यातला एक शनिवार द्यायची तयारी दाखवा. सोबत दोरीचं एक बिंडं घेऊन जा. बहुतेक पथकांकडे तेवढंही उरलेलं नसतं.