चष्म्याची चिठ्ठी दप्तरातच राहते

गंगाखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना आरोग्य तपासणीच्या कार्डांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा हाती लागला. एका मुलीच्या चौथीच्या कार्डावर शेरा होता, ‘दृष्टिदोष, संदर्भित’. तिसरीच्या कार्डावरही तोच शेरा, फक्त अक्षर दुसऱ्या डॉक्टरांचं. मधलं सबंध वर्ष ती पोर शेजारणीच्या वहीतून फळ्यावरचं उतरवून घेत होती, आणि ‘दुसऱ्याचं बघून लिहू नकोस’ म्हणून तिला रागावणारा गुरुजी मीच.

शाळेतली ही तपासणी ज्यातून होते, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असं पथक गाडी घेऊन वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. हृदयाला छिद्र असलेल्या लेकरांच्या मोफत शस्त्रक्रिया यातूनच होतात, हे विसरणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण मोठ्या आजाराच्या कागदामागे कुणीतरी फोन करत असतं. चष्मा, वाहता कान, किडलेली दाढ, अंगात रक्त कमी, यांची चिठ्ठी दप्तरातच चुरगळते.

मग ‘पालकांची अनास्था’ हा ठरलेला शब्द येतो. मला तो पटत नाही. तपासणीची चिठ्ठी घेऊन मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे आईचा रोज बुडाला. एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं, बुडालेल्या रोजाला सवलत कुठली? एवढं करून ‘डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीत, बुधवारी या’ ऐकलं की ती माउली पुन्हा कशाला येईल?

त्यात आमच्याकडची वेगळी अडचण ऊसतोडीची. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पोरं बरोबर जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जंतनाशक गोळीचे दिवस 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. यातल्या फेब्रुवारीत आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असायचे. आठवड्याच्या लोहाच्या गोळीचंही तेच. आणि पथकाची गाडी डिसेंबर-जानेवारीत आली, तर ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच मुलं फडावर. अहवालात मात्र ‘हजर विद्यार्थ्यांची तपासणी पूर्ण’. हा आकडा खोटा नसतो, म्हणून तर त्याला कुणी हरकत घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की स्थलांतर होणाऱ्या गावांतल्या शाळा 15 जून ते ऑगस्टअखेर आधी तपासाव्यात, बाकीच्या मागून. पुस्तकं वाटायची घाई असते हे मला ठाऊक आहे. तरी एक दिवस निघतो. नजर कमी निघालेल्या मुलांना एकेकटं पाठवण्यापेक्षा चार-पाच शाळांची मुलं एका ठरल्या दिवशी केंद्रशाळेत बोलवावीत, डोळे तपासणाऱ्यानं तिथं यावं आणि चष्माही तिथंच मुलाच्या हाती पडावा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रक्ताचं प्रमाण, नजर, दिलेल्या गोळ्या एवढं लिहिलं, तर कारखान्याच्या गावातला शिक्षक किंवा नर्स पुढचं काम तिथून उचलू शकेल. ‘शिक्षकांनीच पाठपुरावा करावा’ हे उत्तर नको. रोज माहिती भरत बसलेल्या शिक्षकाच्या डोक्यावर ते आणखी एक ओझं होईल, आणि चष्मा काही त्याच्या खिशातून येणार नाही.

वेळापत्रक आखणाऱ्यांनी टोळ्या निघायची तारीख आधी मुकादमांना विचारावी. पोळ्यापर्यंत ती गावात सगळ्यांना ठाऊक झालेली असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. गंगाखेड, जि. परभणी